काँगोचा रुंबा: नावं कुणाची घ्यायची?

काँगोच्या संगीताबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: गुलामांबरोबर क्यूबाला गेलेला आफ्रिकेचा ताल रुंबा होऊन घरी परतला. वाक्य गोड आहे. आम्हीही ते बरीच वर्षं वापरलं. आता ते आम्हाला अपुरं वाटतं.

परतला तो कशातून? १९३०च्या दशकात ग्रामोफोन कंपनीने क्यूबन गाण्यांच्या ‘जीव्ही’ क्रमांकाच्या तबकड्या आफ्रिकेत विकायला आणल्या, त्यांतून. म्हणजे बाजारातून. आणि लिओपोल्डव्हिलमध्ये, आजच्या किन्शासात, हे संगीत रुजलं का? रक्ताची ओळख पटली म्हणून, हे उत्तर सोपं आहे. पण बघा, त्या शहरात नाना समाजांची माणसं कामधंद्यासाठी आली होती. कुणा एकाच्या गावचं गाणं सगळ्यांचं होणं अवघड होतं. क्यूबाचं संगीत आधुनिक होतं आणि तरी बेल्जियन साहेबाचं नव्हतं. त्याला शब्द मिळाले लिंगाला भाषेचे. नदीकाठच्या व्यापाराची आणि पलटणीची ही भाषा. लिकेम्बे म्हणजे अंगठ्यांनी छेडायचं, धातूच्या पट्ट्यांचं वाद्य. त्याची गुंफण आम्हाला तिथल्या गिटारमध्ये स्पष्ट ऐकू येते. तेव्हा वारसा आहेच, पण तो निवडून, जुळवून घेतलेला आहे.

१९६०च्या आरंभी ब्रुसेल्समध्ये स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना जोसेफ काबासेले आणि त्याचा ‘आफ्रिकन जॅझ’ वाद्यवृंद तिथे होता. तिथेच ‘अँदेपांदांस चा चा’ जन्मलं. त्यात पुढाऱ्यांची आणि पक्षांची नावं ओवलेली आहेत. नाचाच्या गाण्यात नावांची यादी! पण त्या यादीत भांडणारे सगळे एका ठेक्यावर उभे आहेत. वर्षभराच्या आत त्यांतल्या लुमुम्बांचा खून झाला.

१९६५मध्ये मोबुटूने सत्ता घेतली. पुढे ‘अस्सलपणा’ची मोहीम आली: देशाचं नाव झाईर झालं, ख्रिस्ती नावं टाकायला लावली, टाय गेला. इलेक्ट्रिक गिटार आणि सॅक्सोफोन मात्र राहिले. अस्सल काय, हे सरकार ठरवू लागलं की असंच होतं.

‘ओके जॅझ’च्या फ्रँकोनेही आपलं नाव बदललं. त्याला १९७८मध्ये अश्लील गाण्यांसाठी तुरुंगात टाकलं. १९८४मध्ये त्यानेच मोबुटूच्या उमेदवारीचं गाणं केलं. उमेदवार एकच होता, यादीही एका नावाची झाली. चाहते म्हणतात, बिचाऱ्याचा नाइलाज होता. रसिक म्हणतात, शब्द सोडा, गिटार ऐका. आम्हाला दोन्ही पटत नाही. नाइलाज असेलही, पण गाणं मन लावून केलेलं आहे. आणि गिटार इतकी सुंदर आहे, म्हणूनच तर ते नाव कानात राहतं. इथे सौंदर्य निर्दोष नाही, ते कामाला लागलेलं आहे.

आजही तिथले गायक पैसे घेऊन गाण्यात लोकांची नावं घेतात. त्याला ‘मबांगा’ म्हणतात. पुष्कळदा ही नावं सेबेनवर, म्हणजे गिटारचा वेग वाढून नाच रंगतो त्या भागावर, पुकारली जातात. ऐन रंगात. युनेस्कोने २०२१मध्ये रुंबाला वारसा ठरवलं, तेव्हा ही बाजूही त्यात आलीच, असं आम्ही धरतो.

आता फ्रँकोचं १९८५चं ‘मारिओ’ लावतो. श्रीमंत बाईच्या जिवावर जगणाऱ्या एका शिकलेल्या तरुणाची त्यात खरडपट्टी आहे. लांब आहे, मध्येच उठू नका.