मृत्यूची प्रतीक्षा न करणारे प्रेम : मोलिएरच्या ‘लाव्हार’विषयी

पॅरिसच्या पाले-रोयाल नाट्यगृहात ९ सप्टेंबर १६६८ रोजी प्रथम सादर झालेल्या मोलिएरच्या ‘लाव्हार’ या गद्य सुखात्मिकेचे एक वाचन सहज हाती येते. एका बाजूस आर्पागाँ हा कंजूष बाप, म्हणजे मूर्तिमंत स्वार्थ. दुसऱ्या बाजूस त्याची मुले क्लेआन्त व एलीज आणि त्यांची प्रेमपात्रे मारिआन व व्हालेर, म्हणजे खरे प्रेम. आणि शेवटी प्रेमाचा विजय. आचार्य अत्रे यांच्या ‘कवडीचुंबक’मुळे या कथावस्तूशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकालाही हीच मांडणी स्वाभाविक वाटते. संहितेच्या कसोटीवर मात्र ती टिकत नाही. स्वार्थ आणि प्रेम यांतील सीमारेषा या नाटकात दोन पिढ्यांमधून जात नाही. ती तरुणांच्या गोटातूनच, विशेषतः क्लेआन्तच्या अंतःकरणातून जाते.

पाचव्या अंकातील गैरसमजाचा प्रसिद्ध प्रसंग घ्यावा. बागेत पुरलेली दहा हजार एक्यूंची पेटी चोरीस गेली आहे आणि नोकर मेत्र झाकने आकसाने व्हालेरचे नाव पुढे केले आहे. व्हालेरची समजूत अशी, की एलीजशी आपण चोरून केलेला विवाहाचा करार उघडकीस आला. तो कबुली देतो प्रेमाची. बाप ऐकतो चोरीची. मूळ फ्रेंचमध्ये पेटीसाठी योजलेला शब्द स्त्रीलिंगी असल्याने एकच सर्वनाम दोघींना पुरते. (मराठीतही पेटी स्त्रीलिंगीच, हा प्रसंग इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक सहजपणे उतरू शकतो तो यामुळे.) पेटीच्या सुंदर डोळ्यांचा उल्लेख ऐकून आर्पागाँ चक्रावतो आणि प्रेक्षक हसतात. या हास्याचे मूळ मात्र अस्वस्थ करणारे आहे. निष्ठा, पावित्र्य, हृदयाचा दाह ही प्रेमाची सगळी शब्दकळा धनलोभालाही तितकीच शोभते, हे मोलिएर येथे दाखवून देतो. चौथ्या अंकाअखेरचे आर्पागाँचे स्वगत तर प्रियजनाच्या वियोगात केलेल्या विलापाच्याच घाटाचे आहे. आपले प्रेम कशावर आहे याविषयी त्याला कधीच संभ्रम नाही. तेव्हा उत्कटता आणि एकनिष्ठा यांवरून खरे प्रेम ओळखता येईल, ही आशा या नाटकात तरी सोडावी लागते.

आता क्लेआन्तकडे वळू. प्लॉटसच्या ‘आउलुलारिआ’त कंजुषाला केवळ मुलगी आहे. मोलिएरने त्याला मुलगाही दिला, आणि बाप व मुलगा यांना एकाच मुलीचे उमेदवार केले. या भरीने नाटकाचा पोतच बदलतो. क्लेआन्तला पंधरा हजार फ्रँक कर्ज हवे आहे. सावकार पंचवीस टक्क्यांहून अधिक व्याज मागतो आणि रकमेचा काही भाग जुन्या अडगळीच्या रूपाने गळ्यात मारतो. दलाल या अज्ञात सावकाराला सांगतो, की हवे तर कर्जदार आपला बाप आठ महिन्यांच्या आत मरेल अशी हमी देण्यास तयार आहे. सावकाराला हे तारण समाधानकारक वाटते. हा सावकार म्हणजे स्वतः आर्पागाँच! बापाच्या मृत्यूवर कर्ज उचलणारा मुलगा आणि मृत्यूच्या तारणावर कर्ज देणारा बाप हे समोरासमोर येतात, तेव्हा त्यांतला प्रेमिक कोणता हे प्रेक्षकाला क्षणभर ठरवता येत नाही. रुसोने १७५८ च्या दालाम्बेरला लिहिलेल्या पत्रात या मुलाच्या उद्धटपणावर कठोर टीका केली, तर गटेने १८२५ मध्ये एकरमानशी बोलताना पितापुत्रांतील सारा आदरभाव उद्ध्वस्त करणाऱ्या या नाटकाला उच्च अर्थाने शोकात्म म्हटले. रुसोचा आक्षेप नैतिक म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे घाई होते. वस्तुतः त्याने बोट अचूक जागी ठेवले आहे. चूक एवढीच, की तो नाटकाचा दोष मानतो तो नाटकाचा विषय आहे.

कारण याच प्रश्नाला नाटकात उत्तर देणारे एक पात्र आहे, आणि समीक्षेने त्याच्याकडे फारसे पाहिलेले नाही. फ्रोझीन ही विवाह जुळवणारी बाई गरीब मारिआनची समजूत घालते, की म्हातारा तीन महिन्यांत मेला नाही तर तो त्याचा अगोचरपणाच ठरेल. क्लेआन्तला पटला असता असा हा युक्तिवाद. मारिआन मात्र उद्गारते, की सुखी होण्यासाठी कोणाच्या तरी मरणाची इच्छा वा प्रतीक्षा करावी लागणे हे विचित्रच आहे. पुढे क्लेआन्त मदतीची याचना करतो, तेव्हाही आपल्या आजारी आईला दुखावून ती काही करू इच्छीत नाही. तिला क्लेआन्त हवा आहे, म्हणजे स्व-अर्थ तिच्याही प्रेमात आहेच. परंतु आपल्या सुखाची किंमत कोण चुकते करणार, हा प्रश्न एकटी तीच विचारते.

हाच निकष आन्सेल्मला लावून पाहावा. तोही वयस्क, तोही धनवान, तोही हुंड्याविना एलीजशी विवाह करावयास आलेला. (‘शारदा’तील भुजंगनाथाची आठवण येथे होतेच.) पण एलीजचे मन अन्यत्र गुंतले आहे हे कळताच, व्हालेर आपलाच हरवलेला मुलगा असल्याचे उमगण्यापूर्वी, बळजबरीने विवाह करण्याचा आपला विचार नाही असे सांगून तो बाजूला होतो. याउलट याच अंकात एलीज बापासमोर गुडघे टेकून आठवण देते, की व्हालेरने मला बुडताना वाचवले नसते तर मी तुम्हांला दिसलेच नसते. तेव्हा त्याने तुला बुडू दिले असते तर बरे झाले असते, अशा अर्थाचे उत्तर बाप देतो. वार्धक्य किंवा संपत्ती हा आर्पागाँचा दोष नव्हे, हे या शेजारणीतून स्पष्ट होते.

शेवटही तितका निर्मळ नाही. ला फ्लेशने पळवलेल्या पेटीच्या बदल्यात क्लेआन्त बापाकडून मारिआन मिळवतो. प्रेयसी आणि पेटी एकाच तराजूत तोलली जातात. लगेच मारिआन म्हणते, की एवढी संमती पुरेशी नाही, आता मला माझ्या वडिलांकडून मागावे लागेल. हे वाक्य केवळ शिष्टाचाराचे मानले जाते. मला त्यात सौद्याचा भाग होण्यास दिलेला नकार ऐकू येतो. लग्नांचा खर्च, आर्पागाँचा नवा पोशाख आणि अंमलदाराचे लेखनशुल्क हे सर्व आन्सेल्म सोसतो. मग तो मुलांना घेऊन त्यांच्या आईला आनंदाची वार्ता सांगावयास निघतो, आणि आर्पागाँ आपली पेटी पाहावयास.