खेळाडू कीं जंगम माल ?

विषय थोर असल्याखेरीज निबंध थोर होत नाहीं, असें मानणाऱ्यांनीं जॉन माँटगोमेरी वॉर्ड ह्याचा एक छोटा निबंध अवश्य वाचावा. वॉर्ड हा अमेरिकेंतील धंदेवाईक बेसबॉल खेळाडू. ता. १७ जून १८८० रोजीं प्रॉव्हिडन्स संघाच्या वतीनें चेंडू टाकीत असतां त्यानें बफेलोचे २७ फलंदाज ओळीनें बाद केले. एकासही पहिला तळ गांठूं दिला नाहीं. पुढें हात दुखावला, तेव्हां त्यानें क्षेत्ररक्षकाची जागा पत्करली, आणि खेळत असतांच कोलंबिया येथें कायद्याची पदवी मिळविली.

‘लिपिनकॉट्स’ मासिकाच्या ऑगस्ट १८८७ च्या अंकांतील ह्या निबंधाचा मथळा म्हणजे एक प्रश्न आहे : बेसबॉल खेळाडू हा जंगम माल काय ? संघाच्या मालकांनीं १८७९ सालीं आपसांत असें ठरविलें कीं, एका संघानें राखलेला खेळाडू त्याचा करार संपला तरी दुसऱ्यानें घेऊं नये. प्रथम प्रत्येक संघास ५ खेळाडू राखतां येत. १८८३ पर्यंत ते ११ झाले. हा पाश कसा आवळत गेला, हें वॉर्ड वकिलाच्या शिस्तीनें दाखवितो. तेथवर निबंध निर्दोष आहे. पण पुढें तो ह्या नियमास, पळालेल्या गुलामांस धरून आणणाऱ्या कायद्याची उपमा देतो.

आमचा आक्षेप येथें आहे. गुलामगिरी नष्ट होऊन तेव्हां अवघीं २२ वर्षें लोटलीं होतीं. बाजारांत खरोखर विकलीं गेलेलीं माणसें हयात होतीं. शिवाय त्याच वर्षीं १४ जुलै रोजीं इंटरनॅशनल लीगच्या मालकांनीं कृष्णवर्णीय खेळाडूंशीं नवे करार न करण्याचें ठरविलें. वॉर्डची कैफियत करारानें जखडलेल्यांची आहे. ज्यांस करारच नाकारला गेला, त्यांची नव्हे. दुसऱ्याचें दुःख उपमेसाठीं उसनें घेणाऱ्या लेखकावर त्या दुसऱ्याचेंही कांहीं ऋण राहतें. तें येथें फिटलेलें नाहीं.

तथापि मूळ युक्तिवाद खोटा ठरत नाहीं. १८९० सालीं वॉर्ड व त्याचे सोबती ह्यांनीं खेळाडूंची स्वतंत्र लीग काढली. ती एका हंगामांतच बुडाली. तो नियम मात्र डिसेंबर १९७५ मधील लवादाच्या निवाड्यापर्यंत टिकून राहिला. वॉर्ड १९२५ सालींच वारला होता. त्याच्या निबंधांतील उपमा वगळून वाचली, तरी त्याची बाजू उणी पडत नाहीं. आमच्या मतें ती अधिक बळकट होते.