‘ध’चा ‘मा’ यंत्रही करते

दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीचा फोटो आणि मराठीच्या पुस्तकातले एक पान शेजारी शेजारी ठेवा. धुराच्या कडेची राखाडी छटा हळूहळू आकाशात मिसळते. पानावर मात्र शाई आहे किंवा नाही. मधले काही नाही. संगणकावर चित्र साठवण्याची पद्धत चांगली की वाईट, हे या फरकावर ठरते. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ची जुनी मराठी पुस्तके याच कसोटीवर तपासू. या प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ बंद झाले, पण त्यातली लाखो पुस्तके आज ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर वाचता येतात.

यातली बहुतेक पाने इंचाला ६०० ठिपके घेऊन, फक्त काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केली गेली. ५ × ८ इंचांच्या पानाचे १ कोटी ४४ लाख ठिपके होतात. रंगीत साठवले तर ४ कोटी ३२ लाख बाइट लागतील. काळ्या-पांढऱ्यात १८ लाख पुरतात. त्यावर टिफ फाईलमध्ये फॅक्ससाठी तयार झालेली ‘ग्रुप फोर’ पद्धत वापरली. ठिपक्यांची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा कुठे वेगळी आहे, तेवढेच ती नोंदवते. फाईल खूपच लहान होते आणि उलगडल्यावर एकही ठिपका बदललेला नसतो.

मजकुरासाठी ही निवड उत्तम होती. पण फोटोंचे काय? त्यांतल्या राखाडी छटा स्कॅन करतानाच गेल्या. आता फाईलचे कशातही रूपांतर करा, त्या परत येणार नाहीत.

यावर तोड म्हणून १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या ए. टी. अँड टी. प्रयोगशाळेत ‘देजा व्ह्यू’ फॉरमॅट तयार झाला. त्यात अक्षरांचा थर वेगळा, कागदाचा व चित्रांचा वेगळा. कल्पना सुंदर आहे. मात्र जागा आणखी वाचवण्यासाठी त्यात, तसेच पीडीएफमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘जेबिग-टू’मध्येही, सारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवण्याची सोय आहे. ‘सारखी’ कोणती, हे यंत्र ठरवते!

२०१३ मध्ये जर्मनीच्या डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलतात. एका नकाशावर तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, १७.४२ आणि २१.११ चौरस मीटर होती. स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३ झाली. कारण हेच, ‘जेबिग-टू’. आपल्या लिपीत तर ध-घ, भ-म अशा जोड्या कितीतरी. अक्षर पुसट असते तर वाचक थबकला असता. इथे ते स्वच्छ, सुबक आणि चुकीचे असते. नारायणराव पेशव्यांच्या आख्यायिकेत ‘ध’चा ‘मा’ कुणी मुद्दाम केला. यंत्राच्या मनात तर काहीच नसते!

देजा व्ह्यूचे जेपेग करतानाही नुकसान होते. थर एक होतात, फाईल बहुधा फुगते. जेपेग चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करून काम करते. धुराला ते शोभते, अक्षरांभोवती मात्र मळकट डाग उमटतात. पीएनजीमध्ये ही भीती नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. एकच परिच्छेद कमी दर्जाच्या जेपेगमध्ये आणि पीएनजीमध्ये साठवा, मोठा करा आणि फरक मुलांनाच शोधू द्या. आपणही मूळ फाईल जपावी, रूपांतर प्रतीचेच करावे. आणि पान वर्गात वाटण्याआधी त्यातले आकडे मूळ पानाशी ताडून पाहावेत. जागा वाचली, पण आकडा बदलला, तर त्या बचतीला काय अर्थ?