खुर्ची घेऊन थांबलेली बाई

तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला असते त्या दिवशी गावात घरोघर भाकऱ्या थापल्या जातात. वारकऱ्यांना पिठलं-भाकरी, हा इथला जुना रिवाज. यंदा आमच्या घरची भाकऱ्यांची चळत मंदिरात पोचवून मी शेजारच्या मावशींकडे गेले आणि मोबाइलवर रेल्वेचं ॲप उघडून बसले. मावशींना वेलंकनीला जायचं होतं. तिथे २९ ऑगस्टला झेंडा चढतो आणि ८ सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिनी, सण होतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं. म्हणजे तिकिटं काढायची वेळ नेमकी पालखीच्या आसपासच आली होती.

मावशी मूळच्या श्रीरामपूरकडच्या. नर्स होत्या, अर्ध्या गावाला त्यांनी इंजेक्शनं दिलीत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून चाकाची खुर्ची. मी हिशोब मांडला : दौंडहून चेन्नईच हजारएक किलोमीटर, पुढे नागपट्टिणम, गर्दी, संडास, पायऱ्या. त्यापेक्षा हरेगाव काय वाईट? दौंडहून मनमाडच्या लाइनवर श्रीरामपूर, तिथून हाकेच्या अंतरावर. सप्टेंबरात मतमाउलीची यात्राही भरते. "माऊली तीच ना, मावशी?" मी म्हणाले. त्या नाही म्हणाल्या नाहीत. नुसत्या गप्प बसल्या.

त्या रात्री मी येसिका हाउसनरचा 'लूर्द' (२००९) दुसऱ्यांदा पाहिला. लूर्द म्हणजे फ्रान्समधलं ते गाव, जिथे १८५८ साली बर्नादेत सूबिरू या चौदा वर्षांच्या मुलीला एका गुहेपाशी अठरा वेळा मारियेचं दर्शन झालं, असं भाविक मानतात. सिनेमातली क्रिस्तीन (सिल्वी तेस्तू) मल्टिपल स्क्लेरॉसिसने खिळलेली आहे. ती गटाबरोबर तिथे येते, एका रात्री उठून चालायला लागते, आणि मग सगळ्यांना एकच प्रश्न पडतो : हीच का?

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी या सिनेमाला थंड डोक्याने काढलेला चमत्काराचा पंचनामा समजले होते. तो तसा आहेही. डॉक्टर तिला तपासतात आणि या आजारात असा उतार अधूनमधून पडतो, हेही सांगतात. गटातल्या कौतुकात मत्सर कसा मिसळत जातो, हे हाउसनर कॅमेरा जवळजवळ न हलवता दाखवते. एका आईची मुलगी खुर्चीतच राहिलेली आहे. त्या आईकडे पाहिलं की देवाविषयीचा सगळ्यात अवघड प्रश्न कुणी न विचारताही ऐकू येतो.

पण या वेळी मी वेगळ्याच वाक्याशी अडले. क्रिस्तीन सुरुवातीलाच सांगते की तिला लूर्दपेक्षा रोम जास्त आवडलं होतं. खुर्चीतल्या माणसाला घराबाहेर पडायचं तर अशा यात्रांशिवाय फारसं काही नसतं, म्हणून ती आलीये. हे बोलणं कुणी फारसं मनावर घेत नाही. मीही पहिल्या वेळी घेतलं नव्हतं. तिला बरं व्हायचंय की नाही, एवढंच आपण पाहत राहतो. तिला कुठे जायचंय, हे कोण विचारतं?

इथेच माझी सिनेमाबद्दलची तक्रारही सुरू होते. पहिल्या दृश्यात वरून दिसणारी भोजनशाळा आहे, टेबलं मांडली जातायत, एकेक यात्रेकरू आत येतोय. सगळं ठरून झालेलं आहे. अर्ज कुणी भरला, बॅग कुणी भरली, पैसे कुणी घातले, यातलं काहीच आपण पाहत नाही. झोलाची याच नावाची कादंबरी (१८९४) निदान रुग्णांनी भरलेल्या रेल्वेगाडीत तरी सुरू होते. हाउसनरला पोचल्यानंतरची माणसं नेमकी दिसतात, पण पोचवणारी दिसत नाहीत. क्रिस्तीनची खोलीतली सोबतीण, फ्राऊ हार्टल, तिची खुर्ची ढकलते, तिच्यासाठी प्रार्थना करते. तिचं मागचंपुढचं आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही. सिनेमा तिला थोडीशी विचित्र म्हातारी करून सोडून देतो.

वेलंकनीची एक आख्यायिका यापुढे ठेवून पाहा. वडाखाली ताक विकणाऱ्या एका लंगड्या पोराकडे मारिया बाळासाठी ताक मागते आणि म्हणते, नागपट्टिणमला जा, अमक्या माणसाला सांग की मी इथे आले होते. निरोप पोचवायला पोरगा उठतो आणि पळत सुटतो. पाय आले ते निरोपासाठी. पोराला तिथे काम आहे, कुणीतरी त्याची वाट पाहणार आहे. क्रिस्तीन उठते तेव्हा मात्र तिला कुठेच जायचं नसतं. गट तिला 'उत्तम यात्रेकरू'चं बक्षीस देतो.

शेवटच्या रात्री नाचताना ती पडते. पुन्हा उठून भिंतीशी उभी राहते. फ्राऊ हार्टल रिकामी खुर्ची घेऊन शेजारी थांबते. गाणं चालू असतं. क्रिस्तीन बराच वेळ उभी राहते, मग बसते.

दुसऱ्या दिवशी हा शेवट मी मावशींना दाखवला. मला वाटलं होतं, त्या खचतील. त्यांनी चष्मा पुसला. "हिच्याबरोबर घरचं कुणीच नाही?"

"नाही."

"मग ती म्हातारी बरीय. खुर्ची घेऊन थांबली की नाही? आम्ही वॉर्डात हेच करायचो. पेशंट पहिल्यांदा उभा राहिला की मागे खुर्ची धरायची. बोलायचं नाही काही."

मला तो प्रसंग हार वाटला होता. मावशींना त्यात नर्सिंग दिसलं, आणि मला त्यांचं वाचन जास्त पटतं. सिनेमाने या बाईला जी जागा दिली नाही, ती मावशींनी एका वाक्यात दिली.

मग जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "मावशी, तुम्हाला हरेगाव का नको?"

"नको कुठे म्हटलं? हरेगावला मी आईच्या कडेवर बसून गेलेय. पण वेलंकनीला समुद्र आहे, पोरी. मी समुद्र पाहिलेला नाही. माऊली पायांचं काय करायचं ते करेल."

दिव्यांग डब्याचं आरक्षण, दौंडला फलाटावर मदतीला कोण, चेन्नईत गाडी बदलताना किती वेळ मिळेल : यादी दोन पानं झालीये. चेन्नईपर्यंतची तिकिटं कन्फर्म आहेत. खुर्ची मी ढकलणार आहे.