‘माझा निर्णय’ आणि आत्याचं दुखणं

स्तनांच्या कर्करोगाच्या आनुवंशिकतेबद्दल मराठीत काहीही वाचायला घ्या, अँजेलिना जोलीचं नाव हमखास येतं. त्याला कारण तिचा ‘माय मेडिकल चॉइस’ हा लेख. न्यूयॉर्क टाइम्समध्ये तो १४ मे २०१३ रोजी आला. परवा पुन्हा वाचला.

लेख चांगला आहे, हे आधी सांगते. तिची आई ५६व्या वर्षी कॅन्सरनं गेली. तिच्यात बीआरसीए-१ या जनुकाचं सदोष रूप सापडलं. डॉक्टरांनी स्तनांच्या कर्करोगाची शक्यता ८७ टक्के आणि अंडाशयाच्या कर्करोगाची ५० टक्के सांगितली. तिनं दोन्ही स्तनांची शस्त्रक्रिया करून घेतली आणि पहिली शक्यता पाच टक्क्यांखाली आली. हे ती न रडता, न मिरवता सांगते. चाचणीला तेव्हा अमेरिकेत तीन हजार डॉलरहून जास्त पडत, हेही लिहायला विसरत नाही. पुढच्याच महिन्यात, १३ जूनला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नैसर्गिक जनुकावर पेटंट घेता येणार नाही असा निकाल दिला आणि मिरिअड जेनेटिक्स कंपनीची मक्तेदारी मोडली.

माझी तक्रार शीर्षकातल्या ‘माय’बद्दल आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय तिचाच. पण जनुक एकटीचं नसतं. ते आईकडून येतं तसं वडिलांकडूनही येतं, आणि मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला मिळण्याची शक्यता निम्मी. लेखात मात्र आई, ती आणि तिची मुलं एवढीच साखळी दिसते. ८७ हा आकडाही तिच्यापुरता. हजारो वाहक स्त्रियांच्या २०१७च्या अभ्यासात वयाच्या ८०पर्यंतची जोखीम बीआरसीए-१साठी ७२ आणि बीआरसीए-२साठी ६९ टक्के निघाली.

असा लेख वाचून आपण आईची बाजू तपासतो आणि निर्धास्त होतो. माझंही तेच झालं. आत्या बेचाळिसाव्या वर्षी ‘पोटाच्या दुखण्यानं’ गेली, एवढंच लहानपणापासून ऐकत आले. दुखणं कसलं, ते तिच्या सासरच्यांना ठाऊक. आमच्या कुलवृत्तान्तात तिच्या नावापुढे लग्नाचं साल आणि सासरचं आडनाव आहे, बस. बाबांना फोनवर विचारलं तर म्हणाले, “आता ते कशाला उकरायचं? तिच्या धाकटीचं अजून जमायचंय.” एरवी ‘खाण तशी माती’ म्हणणारे आपण, खरोखर खाणीचा विषय निघाला की गप्प.

सातबारावरून बहिणींची नावं हक्कसोडपत्रानं कमी होतात. त्या फेरफाराला इंग्रजीत म्युटेशनच म्हणतात. जनुकातल्या म्युटेशनला हक्कसोडपत्र नाही. माझ्यात आणि आत्याच्या मुलींत ते असेल तर सामायिकच असेल.

इथे कुवेतमध्ये २०१५ साली मशिदीतल्या बॉम्बस्फोटानंतर नागरिक, रहिवासी, पाहुणे अशा सगळ्यांचे डीएनए नमुने घेण्याचा कायदा झाला. ऑक्टोबर २०१७मध्ये घटनात्मक न्यायालयानं तो रद्द केला. सरकारनं आपल्या रक्तात डोकावू नये, हे योग्यच. पण तीच खासगीपणाची ढाल आपण सख्ख्या भाचीपुढेही धरतो. जोलीनं आपली गोष्ट खासगी ठेवली नाही, ती इतर बायकांच्या उपयोगी पडावी म्हणून. लेखाचं मोल मला यात वाटतं. ती परक्यांशी बोलली. आपल्याला निदान नातलगांशी बोलता यावं.

बहुतेक स्तनांचे कर्करोग आनुवंशिक नसतात. पाच ते दहा टक्केच असतात. म्हणून घाबरून सगळ्यांनी चाचण्या करू नयेत. सुट्टीत गावी जाल तेव्हा दोन्ही बाजूंच्या आत्या, मावश्या, काका, मामा यांची दुखणी आणि ती कितव्या वर्षी झाली ते लिहून आणा. तो कागद घेऊन जनुकीय सल्लागाराकडे जा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये ती सोय आहे. चाचणी शक्यतो आधी ज्याला आजार झाला त्याची करतात. आमच्याकडे आत्या नाही, म्हणजे पहिलं नाव बहुधा बाबांचं निघेल. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

आत्याच्या धाकटीला मात्र मी फोन करणार आहे, तिचं लग्न जमो न जमो.