परमुलखातील भिक्षुक

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे ‘माझा प्रवास’ बहुतेकांनी झाशीच्या राणीसाठी वाचलेले असते. आम्हीही प्रथम तसेच वाचले. गेल्या चातुर्मासात बेळगुंदीस देवळाच्या सभामंडपात त्याचे क्रमशः वाचन झाले, तेव्हा मात्र आमच्या ध्यानात आले की, हे पुस्तक मुळात राणीचे नव्हे. घरच्या कर्जापायी परमुलखात गेलेल्या आणि तेथे बंडाळीत सापडलेल्या एका गरीब भिक्षुकाचे ते आहे.

बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरघोस मिळणार, ही वार्ता ऐकून १८५७ साली विष्णुभट चुलत्यासह कोकणातून निघाले. बंडाची बातमी त्यांस वाटेतच लागली. तरी ते परतले नाहीत. पोटासाठी निघालेला मनुष्य रिकाम्या हाताने सहसा परतत नाही, हे आमच्या सीमाभागास निराळे सांगावयास नको.

आम्ही पेशाने वकील; साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची खोड जात नाही. ग्रंथ लिहिला १८८३च्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षांनी, तोही स्मरणावरून. त्यातील पुष्कळसा भाग ऐकीव. सरकारने धर्म बुडविण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमांची यादी राजेरजवाड्यांपुढे ठेवली, असे विष्णुभट सांगतात. असा कायदा कधीच झाला नाही. झाले होते ते दोन : धर्मांतरिताचा व जातिबहिष्कृताचा वारसाहक्क राखणारा १८५०चा आणि विधवाविवाहास मान्यता देणारा १८५६चा. मग साक्ष फेटाळावी काय? १८७२चा पुराव्याचा कायदा जाऊन २०२४पासून नवा अंमलात आला, तरी तत्त्व तेच आहे. ऐकीव गोष्ट खरी होती, यास ती पुरावा नव्हे. पण लोक ती बोलत होते, याविषयी ऐकणाऱ्याची साक्ष प्रत्यक्षच असते. भ्यालेला मुलूख काय बोलतो, हे आम्हांस विष्णुभटांइतके कोणी सांगितलेले नाही.

झाशीच्या प्रकरणात मात्र साक्षीदार जागेवर हजर आहे. मार्च १८५८मध्ये ह्यू रोजने वेढा घातला, ३ एप्रिलला फौज शहरात शिरली. कत्तल चालू असता विष्णुभट जीव मुठीत धरून घरात दडून होते. येथे त्यांची लेखणी काय टिपते पाहा : लुटीचा क्रम. आधी सोनेनाणे, मग तांबेपितळ, मग कपडेलत्ते, धान्य. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याचा शोक एखादा आप्त गेल्यासारखा केला आहे. सेनापतींचे डावपेच त्यांस ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असल्याचा आवही ते आणीत नाहीत.

हा भाग वाचला गेला त्या रात्री आमचे मामा मंडपात बसले होते. ऑगस्ट १९९०मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा ते तेथे नोकरीस होते. अम्मानहून विमानाने परत आणलेल्या लाखाहून अधिक भारतीयांपैकी ते एक. आम्ही तेव्हा शाळेत होतो. मामांच्या हाती एक पिशवी होती, एवढेच आठवते. वाचन संपल्यावर ते म्हणाले, “अरे, ह्या भटजींना युद्ध कळलं नाही, पण भाकरी कुठं मिळाली ते नेमकं कळलं. आमचंही तसंच झालं.” चौतीस-पस्तीस वर्षांत कुवेतविषयी त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेले हे पहिलेच लांब वाक्य.

ग्रंथात दोष नाहीत असे नव्हे. झाशी दरबारच्या चावट कंड्या विष्णुभट चवीने सांगतात. काही तर वगळल्या असत्या तरी चालते. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला तो भाषा सुधारून व काटछाट करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली प्रत १९६६ साली निघाली. आमच्या मते हीच वाचावी. वैद्यांचे ऋण मोठे, त्यांच्या आग्रहावाचून हे लिहिलेच गेले नसते. पण साक्षीदाराच्या जबानीस वकिलाने इस्त्री केली की न्यायाधीशास संशय येतो.

काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी भेटते, तो प्रसंग सर्वांच्या तोंडी आहे. त्याहून आम्हांस शेवट अधिक लागला. गाठीची दक्षिणा बहुतेक लुटारूंच्या हाती गेली होती. विष्णुभटांनी गंगोदकाची कावड तेवढी खांद्यावरून वरसईपर्यंत आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.