'व्ह्यू', 'पॉइंट' आणि नजरअंदाज

इंग्रजीतल्या 'व्ह्यू' या शब्दाच्या पोटात तीन अर्थ आहेत: पाहण्याची क्रिया, समोर दिसते ते, आणि पाहून बनलेले मत. मराठीने हे अर्थ तीन घरांत वाटून दिले: नजर, देखावा, मत. आपण तो शब्द उसना घेतला तेव्हा मात्र त्यातला देखावाच तेवढा घेतला. 'रूमला व्ह्यू आहे' म्हणजे खिडकीतून दरी दिसते आणि भाडे चढे आहे. उरलेल्या अर्थांची सोय समीक्षेने 'दृष्टिकोन' या शब्दात लावली. त्या सोयीत काय निसटले, हे सातारा-सांगलीच्या मुलखात तपासता येते.

सुरुवात महाबळेश्वरापासून करू. 1829च्या सुमारास गव्हर्नर माल्कम आणि छत्रपती प्रतापसिंह यांच्या करारातून तिथे इंग्रजांची वसाहत उभी राहिली आणि कड्यांना नवी नावे मिळाली. माल्कमच्या मुलीच्या नावाचा केट्स पॉइंट हा पूर्वीचा नाकेखिंड. नावातला फरक पाहण्याजोगा आहे. खिंड हा चालणाऱ्याचा शब्द आहे. तिच्यातून पलीकडे जायचे असते. पॉइंट हा थांबून पाहणाऱ्याचा शब्द आहे. तिथून आज कृष्णेचे खोरे आणि धोम-बलकवडीचे पाणी दिसते. त्या पाण्याखाली शिवारे गेली, हे कठड्यावरून दिसत नाही.

तरीही महाबळेश्वरचा टॅक्सीवाला एक गोष्ट नेमकी बोलतो: 'या पॉइंटवरून व्ह्यू चांगला आहे.' उभे राहण्याची जागा वेगळी आणि दिसते ते वेगळे, हा भेद त्याच्या वाक्यात शाबूत आहे. इंग्रजी समीक्षेतला 'पॉइंट ऑफ व्ह्यू' हाही मुळात जागेचाच प्रश्न आहे: कथा कोण, कुठे उभा राहून पाहतो आहे? 'दृष्टिकोन' या शब्दातही कोन आहे, आणि कोनाला शिरोबिंदू लागतोच. पण वापरात तो बिंदू पुसला गेला. 'सकारात्मक दृष्टिकोन', 'तटस्थ दृष्टिकोन' म्हणताना आपण मत किंवा स्वभाव सांगतो. जागा सांगत नाही.

याचा तोटा व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या (1955) वाचनात दिसतो. माडगूळ हे त्यांचे गाव आटपाडी भागातले. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. विलीनीकरणानंतर 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली पडले. या कादंबरीच्या निवेदनाला 'तटस्थ' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेर वाचत आलेल्याला मात्र आधी दिसतो तो मास्तरचा पगार. मास्तर संस्थानचा नोकर आहे. तो वाडीकडे पाहण्याआधी वाडीच त्याला निरखते, जोखते. पुढे ती त्याला आपला मानते, तरी दुष्काळ पडल्यावर धनगरांना मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडावे लागते, आणि मास्तरला बदलीचा हुकूम येतो. दोघेही वाडी सोडतात, पण दोघांचे सोडणे एक नाही. माडगूळकरांनी हे अंतर कुठे लपवलेले नाही. निवेदन संयत आहे, कारण 'मी' वाडीत असूनही त्याची भाकरी वाडीच्या पावसावर अवलंबून नाही. या संयमाला तटस्थता म्हटले, की कादंबरीतले अर्थकारणच नजरेआड होते.

नजर कुठून, हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. महाबळेश्वरला वर्षाला 5500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पर्जन्यछायेतल्या माण-आटपाडीला 500च्या आतबाहेर. या कोरड्या पट्ट्यात तलाठी-तहसीलदारांच्या तोंडी एक शब्द आहे: नजरअंदाज पैसेवारी. पीक उभे असताना पाहून केलेला पहिला अंदाज तो. मग सुधारित, शेवटी अंतिम पैसेवारी. आकडा 50 पैशांच्या आत आला, की टंचाईच्या सवलतींची वाट मोकळी होते. म्हणजे इथे नजरेला हिशेबाचे वजन आहे. तोच शब्द आता हिंदीच्या वळणाने 'नजरअंदाज करणे', म्हणजे दुर्लक्ष करणे, या अर्थाने मराठी बातम्यांत रुळला आहे. एकाच शब्दात पाहून मोजणे आणि पाहूनही न पाहणे असे दोन्ही अर्थ आले आहेत. बांधावर उतरून केलेली पाहणी आणि गाडीच्या काचेतून केलेली पाहणी यांत जो फरक असतो, तोच हा. दोन्हींचा अहवाल मात्र एकाच नमुन्यात जातो.

म्हणून समीक्षेत 'दृष्टिकोन' हा शब्द टाकून द्यावा, असे माझे म्हणणे नाही. तो वापरताना त्याचा बिंदू दाखवावा, एवढीच मागणी आहे. ग्रामीण कथेवर लिहिताना लेखकाची सहानुभूती किती, हे आपण हमखास सांगतो. त्याआधी दोन साधे प्रश्न विचारावेत: सांगणारा कुठे उभा आहे? आणि पाऊस पडला नाही तर त्याच्या घरची चूल पेटणार आहे की नाही?